नवसाची सुई

सुमीची आजी फार सफाईने खोटं बोलायची. पेणजवळच्या तिच्या खाडीकाठच्या पाड्यात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा तिने शेजारणींना सांगितलं, "ही माझ्या मावसबहिणीची नात, मुंबयची." पुढच्या खेपेला मी शिवणक्लासची बाई झाले. ट्रक चालवणारा तिचा मुलगा काविळीने गेला होता, सून टायफॉइडने. खरं कारण पाड्यात फक्त तिला ठाऊक होतं, आणि मला, कारण मी ज्या संस्थेत नुकती लागले होते तिथे तशी नोंद होती. त्या रोगाचं नाव तिने कधी तोंडातून काढलं नाही. 'ते दुखणं' म्हणायची.

सात वर्षांच्या सुमीचं रक्त तपासायला मात्र ती तयार नव्हती. "कागद झाला की कोनतरी वाचतोच गो. पोरीला शाळेतून काढतील, मला मिठागरावरून. मग खायाचं काय, चिखल?"

मी खाली मान घालून तिला समजावायची: शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, सुईने, रक्ताने होतं. ती तांदूळ निवडत ऐकायची. "पाठ चांगलं केलंयस," म्हणायची, आणि चहा पुढे करायची. सगळं पाठ असूनही तो कप मी जरा वेळ हातातच धरून ठेवायची. तिला ते दिसायचं. "उकळलाय कप. पी," एवढंच म्हणायची.

लग्नसराईच्या आधी पेणहून एक सोनार पाड्यात यायचा आणि त्या वयाच्या सगळ्या मुलींची नाकं एका बैठकीत टोचायचा. सुई एकच. त्या दिवशी मी पोचले तर आठ मुली ओळीत बसलेल्या आणि सुमी तिसरी. आजी मिठागरावर असताना शेजारच्या काकूनेच तिला बसवलं होतं. पहिलीचं नाक टोचून झालं. मला ओरडायचं होतं. पण ओरडले असते तर सुमीचं सगळं उघडं पडलं असतं. मी नुसती उभी राहिले.

तेवढ्यात आजी आली, चिखलाच्या पायांनी. "ऊठ गो सुमे! तुला शेवटी बसायचंय. नवस हाय माझा."

"म्हातारीचे नवस काय संपत नाय!" काकू हसली.

सुमीचं नाक शेवटी टोचलं. आजीने सोनाराच्या हातातून सुई ओढली आणि थेट खाडीत फेकली.

"अगो आजी, माझी सुई!"

"देवाची झाली ती. दुसरी घे."

बायका हसत पांगल्या. आजी बांधावर बसली. "आज मीच तिला वेगळी काढली गो," ती म्हणाली. "आता ने तपासायला."

ज्याची भीती होती तेच निघालं. त्या काळी आमच्याकडे तापाच्या गोळ्या आणि टॉनिक, एवढंच होतं. सुमी आणखी दोन पावसाळे जगली.

त्यानंतर रोह्याजवळच्या निडीला एका आजीकडे मी हेलपाटे घालत होते. त्याच दुखण्याने अनाथ झालेले दोन नातू आणि कायम बंद दार. सुमीच्या आजीला हे कळलं तशी ती म्हणाली, "चल, मी येते." त्या दाराशी मी नेहमीसारखी कुजबुजत हाक मारली. दार बंदच राहिलं. समोर नळावर बायकांची गर्दी होती.

आजीने मला बाजूला केलं. "बाय गो, लांबून आलेय. माझी नात एड्सनं गेली," ती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली. "वाईच पानी देशील का प्यायला?"

मी मागे वळून पाहिलं. नळावरच्या सगळ्या बायका आजीकडे बघत होत्या. त्या दाराकडे एकीचंही लक्ष नव्हतं. आतून कडी निघाल्याचा आवाज आला.