मामांचा बिनडोक
ऑफिसात मामांना सगळेच मामा म्हणत. सख्खी भाची तिथे एकच, बाकीचे सगळे फुकटचे भाचे. पण चूक सापडली की मामा सख्खं-परकं बघत नसत, सगळ्यांची सारखीच हजेरी घेत.

ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबलचक खोली, आणि काम कोडी बनवायचं. नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींना प्रोग्रॅम लिहून सोडवायला जी कोडी देतात ना, ती. त्यातही या खोलीच्या वाट्याला आल्या होत्या आकड्यांच्या जोड्या. आकड्यांची एक यादी द्यायची आणि विचारायचं, यातल्या किती जोड्यांची बेरीज शंभर होते? किती जोड्यांमधला फरक सात आहे? नियम बदलून बदलून नवी कोडी कॉम्प्युटरच पाडायचा. पण उत्तरं बरोबर आहेत हे कोण सांगणार? त्यासाठी प्रत्येक कोड्याचे दोन प्रोग्रॅम लिहायचे. एक हुशार, झटपट उत्तर काढणारा. दुसरा बिनडोक. तो बिचारा पहिला आकडा धरायचा, त्याची बाकी प्रत्येकाशी जोडी लावून बघायचा, मग दुसरा धरायचा, मग तिसरा. कॉम्प्युटर मनाला येतील तशा हजारो याद्या करून दोघांपुढे टाकायचा, आणि सगळी उत्तरं जुळली की कोड्यापुढे हिरवी खूण यायची. मग ते परीक्षेत जायचं.

बिनडोक लिहायचं काम मामांचं. एकोणीस वर्षं तेच. लोकांना वाटे, सोपं आहे म्हणून म्हाताऱ्याला दिलंय. अहो, सोपं कसलं डोंबलाचं! हुशार माणसाला हुशारी न करणं किती जड जातं, ते करून बघा म्हणजे कळेल. मामा म्हणत, हुशाराला फसवता येतं, बिनडोकाला नाही. आणि त्यांचा एक नियम होता, दगडावरची रेघ. एका कोड्याचे दोन्ही प्रोग्रॅम एकाच माणसाने लिहायचे नाहीत, आणि लिहिणाऱ्या दोघांनी त्याबद्दल आपसात बोलायचंही नाही. एकाच डोक्यातून दोन उत्तरं काढली तर ती जुळणारच, त्यात कसली आली तपासणी? मामांचं नाव असलेलं एकही कोडं एवढ्या वर्षांत चुकीचं म्हणून परत आलं नव्हतं. माणसाने दुसरं काही कमावलं नव्हतं, पण एवढं कमावलं होतं.

भाची हुशार प्रोग्रॅम लिहायची. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. मामा-मामींनीच वाढवलं, शिकवलं आणि मामांनीच इथे चिकटवलं.

मग मामा विसरायला लागले. आधी चष्मा, मग चहा घेतला की नाही ते. वय झालं म्हणून सगळे हसले, मामाही हसले. पण एक दिवस भाचीने पाहिलं, सकाळी लिहून संपवलेला प्रोग्रॅम मामांनी दुपारी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतला होता, आणि अर्ध्यातच थांबून ते कीबोर्डकडे टक लावून बसले होते. निवृत्तीला पाच महिने उरले होते. एवढे पाच महिने निघोत आणि मामा मानाने घरी जावोत, याखेरीज तिला काही नको होतं.

म्हणून मामांचे बिनडोक तीच लिहायला लागली, मामांच्या नावाने. सकाळी आपल्या खुर्चीत बसून हुशार लिहायचा, जेवण झालं की मामांच्या खुर्चीत बसून बिनडोक. खुर्ची बदलली की डोकं बदलेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मामा शेजारी जुने कागद चाळत बसत आणि संध्याकाळी हिरवी खूण पाहून खूश होत. आपल्यासाठी भाची लिहिते हे त्यांना कळत होतं, की आपणच लिहिलं असं वाटत होतं, हे तिने कधी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

दोन महिने निभावलं. मग एक कोडं आलं, ठरलेला फरक असलेल्या जोड्या मोजायचं. आता, ठरलेला फरक शून्यही असू शकतो. सकाळी तिच्या डोक्याने घेतलं, की आकड्याची स्वतःशी जोडी लागत नाही, तेव्हा फरक शून्य असेल तर उत्तरही शून्य. दुपारी मामांच्या खुर्चीत तेच डोकं तेच म्हणालं, दोन आकडे सारखे दिसले की सोडून द्या. पण यादीत चार, चार, चार असे तीन आकडे असले तर जोड्या तीन होतात. पहिला-दुसरा, पहिला-तिसरा, दुसरा-तिसरा. मामांनी तिला हे शाळेत असतानाच सांगितलं होतं. तीन मुलींनी सारखे फ्रॉक घातले म्हणून त्यांची एक मुलगी होत नाही. जागा बघ, आकडा बघू नकोस. दोन्ही प्रोग्रॅम शून्य म्हणाले, आणि हजारो याद्यांवर दोघांचं एकमत झालं. हिरवी खूण आली.

परीक्षेनंतर एका नापास मुलीचं पत्र आलं. तीनच ओळी. यादी चार, चार, चार, फरक शून्य. माझं उत्तर तीन, तुमचं शून्य. हाताने मोजून बघा. मोजलं, तर बरोबर लिहिणारे एकेचाळीस जण नापास झाले होते, आणि त्यांच्या जागी दुसरे कामाला लागलेही होते.

साहेबांनी सगळ्यांसमोर त्या कोड्याची नोंद उघडली. हुशार प्रोग्रॅमवर भाचीचं नाव होतं, पण चूक पकडायची ती तपासणाऱ्याने, आणि तिथे मामांचं नाव. मामांनी पडद्यावरचं आपलं नाव बोट ठेवून वाचलं. खरं काय ते भाचीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोललं तर मामांनी चार महिने एक ओळही लिहिली नाही हे चव्हाट्यावर येणार, आणि खोटं कशाला बोला, स्वतःच्या नोकरीचीही भीती होती. तेवढ्यात मामा म्हणाले, "चूक माझी आहे."

ती गप्प बसली. मामांनी आपल्याला पाठीशी घातलं, असं तिला वाटलं. मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. एकोणीस वर्षं तिथे काढलेला माणूस डबा आणि छत्री घेऊन जिना उतरला.

तीन आठवड्यांनी मामींचा फोन आला. मामा जेवत नाहीत, दिवसभर वहीत चार-चार-चार लिहीत बसतात, तू येऊन बघ. भाचीने फोन ठेवला आणि तशीच साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी नोंदीतलं नाव बदललं, तिला कामावरून कमी केलं आणि तिने मागितलं म्हणून मामांच्या नावाने पत्र दिलं, की या चुकीशी त्यांचा संबंध नव्हता.

ते पत्र घेऊन ती मामांकडे गेली. मामा खिडकीशी बसले होते, वही मांडीवर. पानंच्या पानं तेच. पहिला-दुसरा, पहिला-तिसरा, दुसरा-तिसरा, एकूण तीन. वहीत कुठेच चूक नव्हती.

"मामा, तो बिनडोक मी लिहिला होता," ती म्हणाली. "तुमच्या नावाने. दोन्ही मीच लिहिले."

मामांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि तिला परत दिलं.

"माझ्यासाठी खोटं बोलतेस," ते म्हणाले. "मला हल्ली बाकी काही आठवत नाही गं. पण दोन्ही एका हाताने लिहायचे नाहीत हे तुला मी शिकवलंय. जग इकडचं तिकडे होईल, पण तू ते करायची नाहीस."

तिला रडू आवरेना. मामींनी पाणी आणलं. मामांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, चूक माझी आणि रडतेस तू, म्हणून तिलाच समजावलं. मग वहीचं नवं पान काढून पेन्सिल तिच्या हातात दिली. जागा बघायची सोडून आपण आकडा कसा बघितला, तेवढंच सापडत नाही म्हणाले, तू जरा बघ. ती त्यांच्या शेजारी बसली आणि पहिल्या चाराची दुसऱ्याशी जोडी लावली.