साहेबांच्या शेजारची बाई

माझ्या वहिनी दुभाषी आहेत. बोललेलं खुणांनी सांगायचं आणि खुणांनी सांगितलेलं बोलून दाखवायचं, हे त्यांचं काम. कोर्टात, इस्पितळात, बँकेत, जिथे एका बाजूला बहिरं माणूस असतं आणि दुसऱ्या बाजूला घाईत असलेलं माणूस असतं, तिथे मध्ये वहिनी उभ्या असतात. संध्याकाळच्या बातम्यांत टीव्हीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत काळ्या कपड्यांतली एक बाई हात हलवते ना, त्या आमच्याच. हात उठून दिसावेत म्हणून काळे कपडे घालायचे. त्यांचं कपाट उघडलं की हे वकिलाचं घर असावं असं वाटतं.

ही भाषा त्या कुठल्या वर्गात जाऊन शिकल्या नाहीत. त्यांचे आईवडील दोघेही जन्मापासून बहिरे. वडील शिवणकाम करायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. लहानपणी एकदा घरमालक दारात येऊन मास्तरांना अद्वातद्वा बोलला. मध्ये ही चिमुरडी. बापाला वाईट वाटू नये म्हणून तिने खुणांनी सांगितलं, "काका म्हणतात, जरा लवकर घर सोडा." पण मास्तरांना घरमालकाचं तोंड दिसत होतं. तोंडाला फेस आणून कुणी 'जरा' म्हणत नाही, एवढं कळायला कान लागत नाहीत. तो गेल्यावर त्यांनी मुलीला समोर बसवलं. "शिवी माझी आहे. मला पुरी दे. राग धरायचा की सोडायचा ते मी बघीन."

त्या दिवसापासून वहिनींनी कुणाचा शब्द गाळला नाही, की पदरचा घातला नाही. या धंद्याची एक रीत आहे. दुभाषी कधी 'ते म्हणतात' असं म्हणत नाही. डॉक्टर बोलत असेल तर डॉक्टरचा 'मी' तो दुभाष्याचा 'मी'. न्यायाधीश रागावला की वहिनींच्या कपाळावर आठ्या. चोर रडला की वहिनींच्या डोळ्यांत पाणी. घरी आल्या की मी चिडवायचो, "वहिनी, आज कोण होतात?" त्या चपला काढत म्हणायच्या, "सकाळी सर्जन, दुपारी पाकीटमार. चहा टाका भावोजी, दोघेही दमलेत."

निवडणूक लागली आणि वहिनींना साहेबांच्या सभांचं काम आलं. साहेब म्हणजे विरोधी पक्षाचे पुढारी, मोठं प्रस्थ. बहिऱ्यांचीही मतं असतात, हा शोध त्यांना त्या वर्षी लागला होता. मग प्रत्येक सभेत साहेबांच्या डाव्या हाताला वहिनी.

साहेब म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. एका गावात त्यांनी एका वयोवृद्ध शिक्षकांना श्रद्धांजली वाहिली, सगळ्यांना उभं करून शांतता पाळायला लावली. शिक्षक व्यासपीठावरच होते. बिचारे स्वतःसाठी उभे राहिले. चूक कुणाची, तर चिठ्ठी लिहिणाऱ्याची. दुसऱ्या गावात 'हा पूल माझ्या घामाचा आहे' म्हणाले. तो पूल समोरच्या उमेदवाराने बांधलेला. चूक कुणाची, तर धुक्याची! नाचता येईना अंगण वाकडे हे ठाऊक होतं, पण अंगणावर धुकं पडल्याची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली.

बहिऱ्या मंडळींत प्रत्येकाला एक खूण असते, तेच त्याचं नाव. हनुवटीवरच्या तिळावर बोट ठेवलं की वहिनी. साहेबांचं नावही त्यांनी झटकन पाडलं: अंगठा खांद्यावरून मागे दाखवायचा. 'मी नाही, त्याने.' माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि मला या भाषेतलं जेवण, पाणी, काय म्हणाला, काही नाही, एवढंच येतं. पण ते नाव मी पहिल्या दिवशी शिकलो.

मग ती नगरभवनातली सभा झाली. पहिल्या रांगेत बहिऱ्यांच्या संघटनेची माणसं मुद्दाम बसवलेली, फोटोसाठी. त्यांत मास्तरही होते. साहेब रंगात आले आणि ओरडले, "हे सरकार बहिरं आहे, मुकं आहे! अहो, मुक्या-बहिऱ्यांच्या हाती कुणी घर तरी चालवायला देईल का? आपण राज्य दिलं!"

सभागृह हसलं. मागच्या रांगेत बसलेला मीही अर्धवट हसलो होतो, मग माझी नजर वहिनींच्या हातांवर गेली. त्या हात उंचावून तेच सांगत होत्या, साहेबांच्याच आवेशात.  पहिल्या रांगेतला एकेक जण उठला. ज्यांनी घरं चालवली, पोरं वाढवली, दुकानं उभी केली, ती सगळी माणसं मधल्या वाटेने शांतपणे निघून गेली. 

दुसऱ्या दिवशी सगळीकडे तीच बातमी. आणि साहेबांचा अंगठा खांद्यावरून मागे गेला. ते म्हणाले, "मी सरकारला बोललो. त्या दुभाषी बाईंनी ते समोरच्या लोकांवर ढकललं." बरं, साहेबांचे शब्द सगळ्यांनी ऐकले होते, पण वहिनींचे हात किती जणांना वाचता येतात? ज्यांना येतात त्यांना विचारायला कुणी गेलंच नाही.

आठवडाभरात टीव्हीची चौकट गेली. ते एक वेळ चाललं असतं. पण इस्पितळातून फोन आला, "तूर्त येऊ नका." एका बहिऱ्या बाईच्या पोटाचं ऑपरेशन होतं, तिने वहिनींनाच मागितलं होतं. फोन ठेवून वहिनी पहिल्यांदा रडल्या. दुभाष्याचं एकच भांडवल, लोकांचा विश्वास. तो गेला की उरतं काय? नुसते हलणारे हात.

साहेबांचे प्रचारप्रमुख घरी आले. गोड माणूस, मुंग्या लागतील असा नव्हे, मुंग्यांनाच मधुमेह होईल असा. म्हणाले, "ताई, हाताची चूक झाली एवढं म्हणा. माणूस आहे, चुकतो. चौकट परत मिळेल, मी बघतो."

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनींकडे बघत होता. वहिनी म्हणाल्या, "झाली असती तर म्हटलं असतं."

"हट्ट कशाला?"

"हट्ट नाही हो. मी एकदा चुकले म्हटलं तर उद्या डॉक्टरचं काय बरोबर सांगितलं आणि काय चुकीचं, हे पेशंटने कसं ओळखायचं?"

प्रमुखांनी चहा अर्धवट टाकला. पण गरज त्यांचीच होती. संघटनेची माफी मागायला त्याच सभागृहात पुन्हा सभा ठरली होती आणि संघटनेने कळवलं होतं, दुभाषी तीच हवी, नाहीतर आम्ही येत नाही. मी म्हटलं, "वहिनी, अजिबात जायचं नाही. मरू दे त्यांना." वहिनी म्हणाल्या, "मी गेले नाही तर तो काय म्हणाला हे आपल्या बहिऱ्या माणसांना कळणार कसं?"

सभा भर दुपारी होती. माफीचा कागद साहेबांच्या हातात होता. दोन वाक्यं नीट वाचली त्यांनी. मग समोर कॅमेरे दिसले आणि कागद खाली गेला. ते वहिनींकडे वळले, बोट रोखलं. "खरं सांगू? तुमचा अपमान मी केला नाही. या बाईने केला! ही बाई खोटारडी आहे. माझे शब्द हिने फिरवले. हिला कुणी पैसे चारले, ते शोधा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, आता बोला वहिनी. हात तुमचे आहेत, समोर तुमची माणसं आहेत. नुसतं 'हा खोटं बोलतोय' म्हणा. साहेबांना कळणारसुद्धा नाही.

वहिनींनी काय केलं ते सांगतो, आणि सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. त्या आपल्या जागेवरून एक पाऊल सरकल्या, साहेबांच्या बाजूला. छाती साहेबांसारखी पुढे काढली. चेहरा साहेबांचा केला, ओठ तसेच, भुवया तशाच. आणि आपण आत्ता जिथे उभ्या होत्या त्या रिकाम्या जागेवर बोट रोखून त्यांनी सांगितलं: ही बाई खोटारडी आहे. हिने माझे शब्द फिरवले. हिला पैसे चारले. एक अक्षर कमी नाही. आवेशही कमी नाही. उलट साहेबांपेक्षा जोरकस झालं, कारण साहेबांचा आवाज जरा चिरकला होता.

मी आयुष्यात शूर माणसं पाहिली आहेत. आगीत शिरलेला माणूस पाहिला आहे. पण स्वतःची बदनामी, स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या बापासमोर, अशी चोख करणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मला हात जोडावेसे वाटले आणि मी खरोखर जोडले. शेजारचा माणूस माझ्याकडे बघत राहिला.

सांगून झालं तशा वहिनी परत आपल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पुन्हा त्यांचा झाला. 

पहिल्या रांगेतून मास्तर उठले. पायऱ्या चढून वर आले. म्हातारा आशीर्वाद द्यायला येतोय असं साहेबांना वाटलं असावं, ते हसून पुढे झाले. मास्तरांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि बोलायला सुरुवात केली, खुणांनी. आता ते आम्हाला बोलून दाखवायचं काम वहिनींचं. त्यांनी माइक घेतला.

"मी या बाईचा बाप," वहिनी म्हणाल्या.



"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मुक्या-बहिऱ्यांच्या हाती कुणी घर देईल का. माझ्या मुलीने तेच सांगितलं. आज तुम्ही तिला खोटारडी म्हणालात. तेही तिने मला सांगितलं. पुरं सांगितलं. स्वतःला लागणारी शिवी जिने गाळली नाही, ती तुमच्या भाषणात पदरचं काय घालणार?"

इथे मास्तरांचे हात क्षणभर थांबले. पुन्हा हलले तेव्हा वहिनींचा आवाज बसला. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या शिव्या सांगण्यात गेलं होतं, तेव्हा तो कधी बसला नव्हता. पण गाळायचं नाही म्हणजे नाही. त्यांनी सांगितलं:

"माझी मुलगी खरी आहे. मला तिचा अभिमान वाटतो."

मग बापलेक दोघेही साहेबांकडे बघत उभे राहिले. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, प्रमुखांकडे पाहिलं. अंगठा कुठेच गेला नाही. तोंड उघडलं आणि मिटलं.

मास्तरांनी लेकीला विचारलं, काय म्हणाला?

वहिनींनी डोळे पुसले आणि हात उचलून नेमकं तेवढंच सांगितलं. काही नाही.