टर्बो अंकलचा हट्ट

टर्बो अंकल इंजिनाशी मराठीत बोलत आणि आमच्याशी हिब्रूत भांडत. इस्रायलमधल्या लोदच्या कारखान्यात आम्ही पायलटशिवाय उडणाऱ्या विमानांची छोटी रोटरी इंजिनं बनवायचो. पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर गरगरतो ती. अंकल माझ्या आईच्या गावचे, अलिबागकडचे, म्हणून मला तेवढं ‘बाय’ म्हणत. मी मराठीला हिब्रूत उत्तर दिलं की कपाळावर हात मारत.

आमचा वाद एकच. मी म्हणायची, इंजिनानं आपली हवा आपण ओढावी. हलकं, सुटसुटीत, बिघडायला काही नाही. अंकलना टर्बो हवा. "डोंगर चढताना तुला धाप लागते ना, बाय? त्याला पण लागते. वर हवा विरळ. कोणी कोंबून द्यायला नको?" मुद्दा बिनतोड होता, पण टर्बो फिरतो इंजिनाच्याच धुरावर, आणि रोटरीचा धूर असा जळजळीत, की टर्बोची पाती सारखी करपायची. साहेबांनी बजावलं, आता करपली तर टर्बो बंद. अंकलची निवृत्ती तोंडावर आलेली. हरले असते तर हसं करून घेऊनच घरी गेले असते. आणि खरं सांगते, मला जिंकायचंच होतं.

चाचणी उंच हेर्मोन डोंगरावर ठरली. आदल्या दिवशी अंकलनी घरी मलिदा केला. आम्हा बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलतात आणि काम फत्ते झाल्यावर मलिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. ह्यांनी आधीच ताट मांडलं! नवस असा उलटा फेडतात का, म्हणून आई चिडली. अंकल शांतपणे म्हणाले, "काम झाल्यावर तर कोणी पण आभार मानतो." टर्बोपर्यंत पोचेस्तोवर धूर निवावा म्हणून त्यांनी मधला पाइप लांबवला होता, त्यावर एवढा भरवसा.

वर दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी चालवली. माझं धापा टाकू लागलं, ताकदीचा आकडा घसरत गेला. अंकलचं मात्र लोदमध्ये गुरगुरायचं तसंच गुरगुरत राहिलं. टर्बो उघडला तर पाती शाबूत! साहेबांनीच टाळ्या वाजवल्या. मी हरले होते, तरी हसू आवरेना. आपल्या माणसानं मैदान मारलं होतं.

अभिनंदनाला हात पुढे केला, तर अंकलनी त्यात पाना ठेवला. हे इंजिन आता तू सांभाळ, म्हणाले. मी चक्रावले. कारखान्यात टर्बोला सगळ्यांत जास्त शिव्या मीच घातल्या होत्या.

"म्हणून तर," अंकल म्हणाले. "लाड करणाऱ्याच्या हातात दिला तर बिघडेल, बाय. तू त्याची एक खोड माफ करणार नाहीस."

अंकल आता नाहीत. त्यांचं इंजिन माझी बोलणी खातं आणि हेर्मोनच्याही वरून उडतं.