मधुसूदनरावांना मधला माणूस नको होता

मधुसूदनराव पेंडसे यांनी आयुष्यात एकच नोकरी केली, आणि तिचा गर्व मात्र दहा जन्मांना पुरेल एवढा केला. लखनौच्या एका संशोधन संस्थेत ते टेक्निकल ऑफिसर म्हणून चिकटले आणि साठाव्या वर्षी हार-शाल घेऊन उठले. इंदिरा नगरातल्या घराच्या फाटकावर त्यांनी स्वतःच्या नावाखाली संस्थेचंही नाव कोरून घेतलं. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं: परमनंट आणि ठेक्यावरची. संस्थेतले माळी, झाडूवाले, गेटवरचे भैया हे सगळे ठेकेदारामार्फत यायचे. त्यांच्या हजेरीवर सही मधुसूदनरावांची असायची, आणि सही करताना ते त्यांच्या तोंडाकडे बघायचेही नाहीत. असला हा गृहस्थ.

आणि गंमत बघा, २०१७ साली त्यांच्याच पोटची मुक्ता ठेक्यावर लागली! निदान त्यांना तरी तसंच वाटलं.

खरं म्हणजे नोकरी चांगली होती. हॉलंडमधल्या दहा-बारा जणांच्या एका नव्या कंपनीला मुक्ताचं काम आवडलं. पण भारतात त्यांचं ऑफिस नाही, नोंदणी नाही. इथल्या माणसाला रीतसर पगार, पीएफ, रजा द्यायच्या कशा? म्हणून मधे गुडगावची एक कंपनी होती. कागदावर मुक्ता गुडगाववाल्यांची कर्मचारी. नेमणूकपत्र त्यांचं, पगार आणि रजा त्यांच्याकडून. काम मात्र हॉलंडचं. जावई प्रणव हवाई दलात. त्याच्या बदल्यांपायी तिच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या, आणि ही तिच्याबरोबर कुठल्याही गावाला जाऊ शकत होती. प्रणव तेव्हा आसामात जोरहाटला होता. तिथे क्वार्टर मिळेपर्यंत ती माहेरी वरच्या खोलीत बसून काम करायची, आणि खूश होती.

बापाच्या मात्र अंगाचा तिळपापड. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत संस्थेतले जुने सहकारी सुधीर देव यांनी विचारलं, "अच्छा, हॉलंडची कंपनी? मग अपॉइंटमेंट लेटर पण हॉलंडचंच असेल ना?" मधुसूदनरावांच्या तोंडातला मोदक तिथेच अडकला. घरी येऊन ते ओरडले, "एक कामाचा मालक, एक कागदाचा मालक! हे काय माळीकाम आहे?"

"बाबा, यार, ऐसे ही होता है आजकल," मुक्ता म्हणाली. पण ऐकतो कोण!

पुढच्या जानेवारीत कंपनीचा मालक यान भारतात आला. मुक्ताला भेटायला लखनौला उतरला आणि जेवायला घरी आला. मुक्ताला तेव्हा दुसरा महिना चालू होता. हे तिच्या आईला, पद्मिनीबाईंना, आणि प्रणवला ठाऊक होतं. बाहेर तीन महिने होईपर्यंत बोलायचं नाही, ही घरची रीत. मधुसूदनरावांना सांगणं म्हणजे कॉलनीत दवंडी पिटणं. मागच्या वेळी त्यांनी ती पिटली होती, आणि मग पोर राहिलं नाही तेव्हा लोकांचे फोन मुक्ताला घ्यावे लागले होते. म्हणून दोघी गप्प होत्या.

श्रीखंडाची वाटी पुढे सरकवत मधुसूदनरावांनी अक्कल पाजळली. "मिस्टर यान, हा मधला माणूस कशाला? तुमचं काम, माझी मुलगी. डायरेक्ट घ्या की!"

"बाबा, बाद में बात करते हैं," मुक्ता कळवळून म्हणाली.

"बाद में क्यों? तुझ्या भल्याचंच बोलतोय."

यानचे डोळे चमकले. गुडगावला दर महिन्याला द्यावा लागणारा मोबदला त्याला टोचत होताच, आणि इथे कर्मचाऱ्याचा बापच तो वाचवायला सांगत होता. भला जुळला होता जोडा!

महिन्याभरात नवा करार आला. मुक्ता आता कर्मचारी नव्हे, 'कन्सल्टंट'. गुडगावहून नीलम नावाच्या मुलीचा फोन आला: मुक्ताजी, राजीनामा देण्याआधी नीट विचार करा. मधुसूदनरावांनी फोन हिसकावून घेतला. "तुमची दलाली बुडाली म्हणून पोटात दुखतंय ना? ठेकेदाराच्या कारकुनिणीने माझ्या मुलीला शिकवू नये!" आणि फोन आपटला. मुक्ताला तेव्हा आपल्याला दिवस गेलेत हे सांगता आलं असतं. पण तिसरा महिना पुरा व्हायचा होता, मनात मागची धास्ती होती, आणि यानने तर व्यवहार बंद करत असल्याचं गुडगाववाल्यांना आधीच कळवून टाकलं होतं. तिने राजीनामा दिला. बापाने कॉलनीभर पेढे वाटले.

तीन महिने झाले आणि तिने यानला बातमी सांगितली. त्याने तोंड भरून अभिनंदन केलं. दोन दिवसांनी त्याचा ईमेल आला: कन्सल्टंटला बाळंतपणाची रजा नसते, काम थांबवणं कंपनीला परवडत नाही, तेव्हा महिनाअखेरीस करार संपेल. खाली लिहिलं होतं, तू आम्हाला कुटुंबासारखी आहेस. थू असल्या कुटुंबावर!

मधुसूदनरावांनी गुपचूप नीलमला फोन लावला. आवाजात साखर: "बेटी, तिला परत घेता येईल?"

"नहीं अंकलजी. हॉलंडवाल्यांनी सांगितल्याशिवाय आमच्या हातात काही नाही."

ते वर मुक्ताच्या खोलीत गेले. "मी यानशी बोलतो."

"नको," मुक्ता मराठीतच म्हणाली. "गुडगावची कर्मचारी असते तर सहा महिने पगारी रजा माझा हक्क होता. त्या रजेत मला काढणंसुद्धा बेकायदा होतं. आता नोकरी नाही आणि रजाही नाही. तुम्ही माझ्यासाठी कोणाशीही बोलू नका."

"अगं, पण मी बाप म्हणून..."

"तुम्हाला तिची नोकरी कळलीच नाही," पद्मिनीबाई दारातून म्हणाल्या. "चारचौघांत मिरवायला एक नाव हवं होतं. ते मिळवलंत."

क्वार्टर मिळालं तेव्हा सातवा महिना लागायचा होता. मधुसूदनराव बाळंतिणीची खोली रंगवून घ्यायच्या गोष्टी करत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय?

मुक्ता बॅग भरत होती. "बाळंतपण जोरहाटलाच होईल," ती म्हणाली. "आई माझ्याबरोबर येतेय."

"आणि मी?"

"तुम्ही नका येऊ, बाबा."

पद्मिनीबाईंनी तिच्या हातातली बॅगेची चेन स्वतः ओढून बॅग बंद केली.