तुळयांवरच्या खुणा
जुन्या लाकडावर पाणी पडलं की धुराचा जो वास सुटतो, त्याने मी अजून ओशाळते. बहात्तरच्या दुष्काळात, मी नवी नवरी असताना, मिरजगावच्या आमच्या घराचं मातीचं धाब्याचं छप्पर उतरवलं होतं. सासऱ्यांना पत्रे टाकायचे होते, पण सासूबाई हटूनच बसल्या, कुजलेलं तेवढं बदला, बाकीचं लाकूड होतं तिथंच बसवा. म्हणून सुताराने प्रत्येक तुळईवर गेरूने खूण केली आणि मग ती अंगणात उतरवली. मला त्या तुळयांवरची धूळ बघवेना. दुपारी सगळे जरा आडवे झाले, तेवढ्यात मी दोन कळशा पाणी घेऊन एकेक तुळई लख्ख पुसून काढली. सुतार उठून आला नि कपाळाला हात लावून म्हणाला, "खुना कुटं गेल्या? आता कुटलं लाकूड कुटं बसवू?" पाणी अर्ध्या कोसावरून आणायचं, त्यात हा पराक्रम. मी रडायचीच बाकी होते. सासूबाई मात्र खाली बसल्या आणि लाकडांवरून हात फिरवू लागल्या. "ही काळी, चुलीवरची. ह्या कडीला तुझ्या नवऱ्याचा पाळना हुता. हिला कनसं टांगायचो, दोरीनं घासलीय बघ." दिवस मावळेपर्यंत एकूण एक तुळईची जागा ठरली. मला रागाचा एक शब्द नाही, एवढंच म्हणाल्या, "आता तूबी बघून ठेव." परवा तेच घर पुन्हा दुरुस्तीला काढलं. नव्या सुताराने खुणा करायला खडू मागितला. मी अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हटलं, "खडू कशाला? मी हाय की."