एकोणीस टक्के चार्ज

मी आज जर्मनीत आहे तो दत्तूमामांमुळे. ते माझे सख्खे मामा नव्हेत. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर विजेचं सबस्टेशन आहे, तिथे ते ऑपरेटर होते. गावात रोज संध्याकाळी लोडशेडिंग असायचं, पण सबस्टेशनच्या खोलीतला दिवा कधी जात नसे. सहावीपासून बारावीपर्यंत मी त्या दिव्याखाली अभ्यास केला. माझे वडील शिवणकाम करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. "पुस्तक सोडून कशाला हात लावलास तर बोटं राहायची नाहीत, लेका," असं मामा पहिल्याच दिवशी म्हणाले. मग ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय, हे त्यांनीच मला समजावलं.

मी निघालो त्या दिवशी सगळे मला हैदराबादच्या विमानतळावर सोडायला येणार होते. जीप भरली, आईनं दाराला कुलूप लावलं आणि मामा खाली उतरले. "मेन पाडला का?" कुणीच पाडला नव्हता. त्यांनी कुलूप परत उघडायला लावलं आणि आत जाऊन मेन स्विच बंद करून आले. "घर सोडताना मेन खाली. वायरीचा भरवसा धरायचा नाही," असं म्हणून ते माझ्या शेजारी बसले. विमानतळावर फक्त खांद्यावर हात ठेवला.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी वोल्फ्सबुर्गजवळ नोकरी करतो. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी थंडीत गरम ठेवायची आणि उन्हाळ्यात थंड, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. अश्विनी, माझी बायको, हार्त्सच्या डोंगरातल्या एका रीहा-क्लिनिकमध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आम्ही तिथल्या एका खेड्यात भाड्यानं राहतो. मी आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतो. आमची सई पाच वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं.

गावाकडचे लोक फोनवर विचारतात, तिकडे काय बुवा, वीज कधी जातच नसेल. जात नाही हे खरं. पण आमच्या खेड्यात गाडी चार्ज करणं हा एक उद्योग असतो. भिंतीवर वॉलबॉक्स, म्हणजे घरचा चार्जर, लावायला घरमालकीणबाईंची, फ्राऊ हार्टविग यांची, केव्हाच परवानगी मिळाली. इलेक्ट्रिशियनचा टर्मिन, म्हणजे यायची तारीख, मात्र वसंतात. राटहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीच्या, मागे चार्जिंगचा एक खांब आहे. त्याला दोन सॉकेट. एकावर नगरपालिकेची गाडी कायमची उभी. फास्ट चार्जर आउटोबानपाशी, घाट उतरून सव्वीस किलोमीटर. उरलं आमच्या अंगणातलं कोठार. तिथे इस्त्रीला असतो तसला साधा सॉकेट आहे, आमच्याच मीटरवर. दोन दिवस लावून ठेवली की गाडी कशीबशी भरते.

जानेवारीत मामींचा फोन आला. मामांच्या घशात कॅन्सर निघाला होता आणि स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशन हैदराबादला, मंगळवारी दुपारी. मग मामांनी स्वतः फोन घेतला. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता. "त्याच्या आधी ये. तुला एक सांगायचंय. नंतर मला बोलता यायचं नाही."

सोमवारी सकाळी अकराचं, हानोफरहून निघणारं विमान मिळालं. मंगळवारी पहाटे मी पोचलो असतो. शनिवार-रविवार आम्हाला ब्राउनश्वाइगला मित्राकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. गाडीला दोन दिवस पूर्ण मिळावेत म्हणून मी ती कोठारात चार्जिंगला लावली आणि मित्रालाच आम्हाला न्यायला बोलावलं. निघताना सईचे बूट, तिळगुळाचा डबा, किल्ल्या असं सगळं बघितलं. मग तळघरात गेलो आणि मेन स्विच खाली पाडला.

कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला.

रविवारी संध्याकाळी परत आलो तेव्हा सई खांद्यावर झोपली होती. मी मेन वर केला आणि वर गेलो. कोठारात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे गाडीचं ॲप दोन दिवस गप्प होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. सोमवारी सहा वाजता बॅग घेऊन कोठारात गेलो. बाहेर उणे सोळा. गाडीच्या पडद्यावर आकडा होता : एकोणीस टक्के. दोन दिवस मेनबरोबर कोठारही बंद होतं, आणि संध्याकाळी मेन वर केल्यापासून जी काही वीज मिळाली, ती बॅटरीनं स्वतःला गोठू न देण्यातच संपवली होती.

हानोफर सव्वाशे किलोमीटर. गावातून सकाळी निघणारी एकमेव बस शाळेची, तीही बर्फामुळे रद्द झाली होती. टॅक्सीवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं की आदल्या दिवशी कळवायला हवं होतं. राटहाउसच्या खांबापाशी गेलो, तर रस्ता साफ करणाऱ्या गाडीनं सगळा बर्फ नेमका तिथेच ढकलला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या फ्राऊ हार्टविग फावडं घेऊन माझ्या मागोमाग आल्या. "दोन दिवस अंगणात अंधार दिसत होता, मला वाटलं तुम्ही काटकसर करताय!" त्या उपसत होत्या, मी उपसत होतो. सॉकेट सापडला, पण त्याचं झाकण बर्फानं चिकटलेलं होतं. ते उघडलं नाही. सई खिडकीतून ओरडली, "पापा, इस्ट दास आउटो कापुट?" गाडी बिघडली का, म्हणून विचारत होती.

हीटर बंद ठेवून, हातमोजे घालून घाट उतरलो. फास्ट चार्जरला पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते आणि पाच टक्के उरले होते. केबल लावली. थंडगार बॅटरी वीज घेईना. आधी गरम होईल, मग घेईल. पहिली वीस मिनिटं आकडा जवळजवळ हललाच नाही. असं का होतं त्याचं एकेक कारण मला पाठ आहे. ते लिहिण्याचाच मला पगार मिळतो. त्याचा त्या सकाळी कणभर उपयोग नव्हता. साडेदहाला मी अजून तिथेच होतो.

तिथूनच मामांना व्हिडिओ कॉल केला. ते हॉस्पिटलच्या खाटेवर होते.

"बर्फ पडलाय मामा. विमान चुकलं."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग मागचा चार्जर त्यांना दिसला. "बॅटरीचा इंजिनिअर ना रे तू?" ते हसले आणि खोकले.

"काय सांगायचं होतं ते आत्ता सांगा ना."

"असलं फोनवर नसतंय सांगायचं. जा घरी. पोरीला थंडी वाजत असंल." मामींनी फोन घेतला. त्यानंतर मी तो आवाज ऐकला नाही.

पुढचं विमान ऑपरेशन झाल्यावरच पोचत होतं. तरी त्यानं निघतो म्हणालो, तर मामी म्हणाल्या, "आता येऊन काय बघणार बाळा? कुणाला आत सोडत न्हाईत. सवडीनं ये."

जे घर सोडून गेले आणि जे मागे राहिले, अशा दोघांसाठी मी हे लिहितो आहे. आपल्याला "लेका" म्हणून रागावणारं कुणी जिथे असतं ते घर, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आता ते माणूस आहे आणि रागावणं नाही. याला काय म्हणायचं, ते मला अजून कळलेलं नाही. त्या आठवड्यात मी मामांना हे पत्र पाठवलं :

तीर्थस्वरूप दत्तूमामांस,
साष्टांग नमस्कार.
बर्फाचं मी अर्धंच खरं सांगितलं. चूक माझ्या हातून झाली. कशी, ते आल्यावर सांगेन, तुम्ही हसाल.
मामी म्हणाल्या, तुम्हाला पाटी आणून दिली आहे, पण तुम्ही तिच्यावर पाणी आणि चहा एवढंच लिहिता. तुम्हाला मला जे सांगायचं होतं ते तिच्यावर लिहून फोटो पाठवू नका. तुम्ही फोनवरसुद्धा सांगितलं नाहीत, मग ते फोटोत यावं असं मला वाटत नाही.
मी एप्रिलमध्ये येतो. तिकीट काढलं आहे. तुमच्यासमोर बसेन. तुम्ही नुसते ओठ हलवा. मला पहिल्यांदा कळणार नाही, दुसऱ्यांदाही कळणार नाही. तुम्ही चिडाल. चिडा, पण परत सांगा.
तुमचा,
महादेव