न घेतलेलं समन्स

सिंदी रेल्वे या गावात मी शाळामास्तर होतो, आणि सरकारी कागद आला की आमच्या आळीतले लोक तो आधी माझ्याकडे आणत. ‘वकील कशाला, गुरुजी आहेत ना,’ हे मला ऐकायला फार आवडायचं. कायद्याचं एकही पुस्तक मी कधी उघडलं नव्हतं.

शेजारच्या वहिनी एकट्याच शेत पाहत. त्यांच्यावर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दावा झाला. कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा त्या धावत माझ्याकडे आल्या. मी ओट्यावर बसल्या बसल्या ऐटीत सांगितलं, “घेऊच नका. कागद घेतलाच नाई, त केस चालन कशी?”

केस चालली. बेलिफानं ‘घेण्यास नकार’ असं लिहून नेलं, आणि वहिनींची बाजू न ऐकताच निकाल लागला. विहिरीकडे जायची त्यांची वाट गेली. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नशिबाला दोष देत राहिल्या, आणि मी भेकडासारखं त्यांना तो देऊ दिला.

गेल्या वर्षी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघे गावातल्या माझ्या प्लॉटवरून मलाच समन्स आलं. मी मुकाट्यानं सही करून ते घेतलं आणि पहिल्या बसनं वर्ध्याला वकिलाच्या दारात जाऊन उभा राहिलो. परतताना स्टँडवर वहिनी भेटल्या.

“कुठं गेलते, गुरुजी?”

“दवाखान्यात,” मी म्हणालो.

“तब्येतीले जपजा,” त्या म्हणाल्या. “तुमी नसले त आमचे कागद कोन वाचन?”